पेंडल हिलची मोदकवाली

लीनाला एका जागी बसवत नसे. चिपळूणला होती तेव्हा पंगतीतसुद्धा तिचा एक पाय हलत असायचा आणि आजूबाजूच्या ताटांतली ताकं हिंदकळायची. पण सिडनीला आल्यावरची तिची चुळबुळ वेगळीच होती. ट्रेनमध्ये डबा रिकामा असला तरी ती दाराशी उभी राहायची. हॅरिस पार्कच्या फ्लॅटवर सहा मुली दाटीवाटीने राहत. त्यांत लीनाने हट्टाने भिंतीकडची जागा मागून घेतली होती. पाठ भिंतीला टेकल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

ते दोन हजार आठ-नऊचं साल. तेव्हा इकडे येणारी निम्मी पोरं कुकरी नाहीतर हेअरड्रेसिंग शिकत होती. स्वयंपाकाची आवड कुणाला होती म्हणता? पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळवायची ती सोपी वाट, एवढंच. लीना बी.कॉम. झालेली, आणि घरी दूध उतू जाऊ देण्यापलीकडे तिने गॅसशी काही केलेलं नव्हतं. पण कोर्सबरोबर खऱ्या हॉटेलात ठरलेले तास बिनपगारी राबायचं आणि ते भरल्याची मालकाची सही घ्यायची, असा नियम होता. सही नाही तर पीआर नाही.

तिचा मालक राजीवदादा. हॅरिस पार्कात त्यांचं मिसळ-थालीपिठाचं हॉटेल. मराठी मंडळाच्या गणपतीला प्रसाद त्यांचाच, आणि बोलणं असं गोड की चहात साखर घालायला नको. आईला फोनवर कळलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, "आपला माणूस मिळाला गं, आता घोर नाही."

हा आपला माणूस लीनाच्या मागोमाग भाज्या-दूध ठेवायच्या कोल्डरूममध्ये शिरायचा, दार लावून घ्यायचा. ती क्रेट उचलायला वाकली की अंगाला हात लावायचा आणि वर म्हणायचा, "अगं, दचकतेस काय, घरच्यासारखी आहेस." घरच्यासारखी! असल्यांची जीभ झडत कशी नाही? पहिल्यांदा लीनाला वाटलं, चुकून लागला असेल. मग कळलं की ह्यात चुकून काहीच नव्हतं. तिने कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. आईला सांगितलं तर पुढच्याच विमानाने परत ये म्हणाली असती. मंडळातल्या लोकांनी उलट हिलाच वेड्यात काढलं असतं. थोडेच तास उरलेत, असं ती स्वतःला बजावायची आणि पाय हलवत राहायची.

गुरुवारी सकाळी पेंडल हिलच्या एका लहानशा चर्चची झाडलोट तिच्याकडे होती. तिथेही ती बसत नसे, पण तिथे निदान मागे वळून बघावं लागत नसे. चर्चच्या किल्ल्या मिसेस व्हेला नावाच्या म्हातारीकडे असत. ती मूळची माल्टा बेटावरची. तिचा नवरा हयातभर लोकांची घरं रंगवायचा, पण मरायच्या आधी त्याने इटलीतल्या जुन्या देवळांतली, सहा-सातशे वर्षांपूर्वीची संतांची चित्रं पाहून तीन फळ्या रंगवल्या होत्या. मागे सोनेरी रंग, लांबट चेहरे, बदामी डोळे. त्या फळ्या चर्चच्या भिंतीवर होत्या आणि लीना त्या हलक्या हाताने पुसायची.

आता देव हातातल्या वस्तूवरून ओळखायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चक्र दिसलं की विष्णू, त्रिशूळ दिसला की शंकर. लीनाने तोच हिशेब लावला. चाक घेतलेली बाई पराक्रमी असणार. लोखंडी जाळी धरलेला तरुण आपल्याच धंद्यातला, आचाऱ्यांचा देव. आणि तिसरी बाई ताटलीत दोन गोल पांढरे मोदक घेऊन उभी. तिच्याशी लीनाचं चटकन जमलं. फळी पुसून झाली की ती हात जोडायची आणि पुटपुटायची, "मोदकवाले बाई, माझे तास तेवढे पुरे होऊ देत."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तिने मोदकवालीपुढे दोन पेढे ठेवले. तेवढ्यात मिसेस व्हेला पावांची टोपली घेऊन आत आली. पेढे बघून ती थबकली.

"हे कशाला?"

"तिला गोड आवडतं ना," लीना म्हणाली. "हातात मिठाई आहे तिच्या."

म्हातारी आधी हसली. "तू एकटीच नाहीस, बाळ. जुन्या काळी भट्टीवाल्यांना ते पाव वाटले. म्हणून ही संत आगाथा त्यांचीही कैवारी झाली. आज तिचा दिवस, म्हणून मी पाव आणलेत."

"पाव नाहीत? मग काय आहे ते?"

मिसेस व्हेलाने आपला तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

मग तिने सांगितलं. सिसिलीतली मुलगी. तिथल्या रोमन सुभेदाराची तिच्यावर नजर गेली. ती नाही म्हणाली, आणि त्याने तिचे स्तन कापवले. चाक आणि जाळी, तीही छळाचीच हत्यारं. "आमच्या संतांच्या हातात बहुतेक वेळा त्यांचं शस्त्र नसतं," म्हातारी म्हणाली. "त्यांच्यावर जे गुदरलं ते असतं."

लीनाच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ संतापही आला. "मग ते ताटलीत घालून चारचौघांसमोर काय धरलंय? लाज नाही वाटत तिला?"

"तिला का वाटावी?" मिसेस व्हेलाने विचारलं. "तिने काय केलं?"

लीनाने पुसलेली फरशी परत पुसायला घेतली.

त्या दिवसापासून तिला पाव खाववेना. हॉटेलात पावाची लादी ती न बघताच सोडवायची. बस चुकायची, मीठ दोनदा पडायचं. आरशासमोर केस बांधता बांधता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "मी काय केलं?"

अशात एका रविवारी हॉटेलात नवी मुलगी आली. अनुष्का, नाशिकची, लीनाच्याच कॉलेजची. तिलाही तास भरायचे होते. दुपारची गर्दी होती. गिरावीन उपनगरातली ओळखीची कुटुंबं मिसळ खायला आलेली, आणि गल्ल्यावर राजीवदादांची बायको, चित्रलेखावहिनी. लीना दोन जादा पावांची ताटली घेऊन टेबलाकडे निघाली होती.

"चल गं अनुष्का," राजीवदादा म्हणाले, "तुला कोल्डरूम दाखवतो."

लीना जागच्या जागी उभी राहिली. "दादा, तिला एकटीला आत नेऊ नका."

"का गं?" ते हसून म्हणाले.

"माझ्या मागोमाग शिरून दार लावायचात ना? अंगाला हात लावायचात. तिला नेऊ नका."

ती कुजबुजली नाही. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं बोलली. एक आजोबा म्हणाले, "अगं पोरी, जेवताना हे काय!" लीनाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली होती. काही नवीन ऐकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि लीनाला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

"तुझे तास विसर आता," राजीवदादा दात आवळून म्हणाले.

"विसरले," लीना म्हणाली आणि बाहेर पडली.

पॅरामॅटा स्टेशनच्या वाटेवर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली. एप्रन न काढताच अनुष्का आली होती. धापा टाकत तिने लीनाच्या हाताकडे बोट दाखवलं.

"ताई, हे काय?"

लीनाने खाली पाहिलं. ताटली तिच्या हातातच राहिली होती, दोन्ही पावांसकट. भर रस्त्यातून ती तशीच पुढे धरून चालत आली होती. ती रस्त्याकडेच्या बाकावर बसली. पाठीमागे भिंत नव्हती, लोक येत-जात होते. तिने एक पाव अनुष्काला दिला आणि दुसऱ्याचा घास घेतला. कोरडाच होता, पण उतरला.

"आता तुझं कसं होणार गं?" अनुष्काने विचारलं.

"माहीत नाही," लीना म्हणाली. "खा आधी."