गोधडीवर रेंगाळणारा बाण

माझ्या गोधड्या विकायला नातीनं, मुक्तानं, वेबसाइट केली आहे. आलेली माणसं कुठे थांबतात, कुठून परततात, हे ती रेकॉर्डिंग लावून बघते. काल मलाही शेजारी बसवलं. पडद्यावर नुसता माऊसचा बाण फिरत होता. माणूस दिसत नाही, दिसतं ते त्याचं रेंगाळणं. गेलेल्यांचं तरी दुसरं काय उरतं? तरुणपणी प्लँचेटची वाटी हलली की "मी नाही भुतंबितं मानत" म्हणत मी मैत्रिणीचा पदर घट्ट धरायची. काल मुक्ताची ओढणी धरली.

"आजी, तुझ्या या फोटोपाशी आले की लोक परत जातात. काढून टाकते."

"जाणारच! तोरा बघ बयेचा."

फोटोत विशीतली मी गोधडी पसरून उभी, जणू सगळे टाके माझेच. अर्धे वन्संचे होते, माझ्या नणंदेचे. त्या डावखुऱ्या. समोरच्या कडेला बसून उलट्या दिशेनं शिवत यायच्या. त्यांचा दुसरा फोटोच नाही, आहेत त्या एवढ्या टाक्यांत. त्यांना जाऊनही आता फार वर्षं झाली.

मुक्तानं पुढचं रेकॉर्डिंग लावलं. हा बाण किमतीकडे फिरकलाच नाही. वन्संच्या कडेला थांबला आणि टाक्यामागून टाका, उलट्या दिशेनं सरकू लागला. कोपऱ्याशी थबकला, वळला.

"कुणीतरी चाळा करत असेल," मुक्ता म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. "काढू ना फोटो?"

"राहू दे गं," मी म्हटलं. "त्यांचं अजून व्हायचंय."