ऑटोकोडरचे सर

बाळीवेशीतल्या एका चादरीच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की गुरुसिद्धप्पांचा वर्ग लागे. दारावर पाटी होती, ‘कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा सोलापुरात कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधायचा म्हटलं तर लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवत. वर्गातही कॉम्प्युटर नव्हताच. मुलं कागदावर प्रोग्राम लिहीत आणि गुरुसिद्धप्पा स्वतःच यंत्र होत. फळ्यावर चौकोन आखायचे, मुलाची एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, चौकोनातले आकडे पुसायचे, नवे लिहायचे. कुणी शेवटची, थांबण्याची सूचना लिहायला विसरला असेल तर सर हातातला खडू तसाच धरून, डोळे मिटून उभे राहत.

“सर, यंत्र थांबलं,” मुलं हसत.

“थांबलं नाही, अडकलंय,” सर डोळे न उघडता म्हणत.

मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी दहा-बारा वर्षं काढली होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून नोकरी सोडून गावी आले आणि इथेच राहिले. यंत्राला काम सांगायच्या भाषा तेव्हाही तीन-चार होत्या. इंजिनियर आणि शास्त्रज्ञ मंडळी फोर्ट्रान लिहीत. पगार, हिशेब, मालाची आवक-जावक यांच्यासाठी कोबोल, ती इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येई. आणि गुरुसिद्धप्पांची होती ऑटोकोडर. एकाच बनावटीच्या यंत्रासाठी केलेली, दोन-चार अक्षरांच्या आखूड सूचनांची, बाहेरच्याला मंत्र वाटावी अशी. तिच्यात त्यांचा हात असा बसला होता की दुसऱ्या कचेऱ्यांतली माणसं अडलं की त्यांना बोलवायला येत. मुंबईत त्यांना जो काही मान मिळाला तो या एका भाषेनं दिलेला. कोबोलचं नाव काढलं की ते म्हणत, “यंत्राशी बोलायचंय की मामलेदाराला अर्ज करायचाय?”

वर्गात सोजर नावाची एक मुलगी होती. मंगळवेढ्याच्या कोंडीबा नावाच्या शेतकऱ्याची थोरली. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, सोलापुरात बजाबाई आत्याकडे राहून वर्गाला यायची. बोलायची कमी, पण तिच्या कागदावरचं यंत्र कधी अडकायचं नाही. एका संध्याकाळी ती उभी राहिली.

“सर, पेपरातल्या जाहिरातींत सगळीकडं कोबोलच मागतायत की. ऑटोकोडर कुठं तरी एखाद्या जागी दिसतंय.”

“जाहिराती साहेब लोक लिहितात,” सर म्हणाले, “आणि काम आपल्यासारखे करतात. साहेबाला वाचता यावं म्हणून कोबोल काढलीय बाई!”

वर्ग हसला. सोजरही थोडं हसली आणि खाली बसली.

पुढे संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा मुंबईहून निंगप्पा आला. कंपनीतला जुना सोबती, मूळचा अक्कलकोटचा. दोघं देवळाभोवतीच्या तळ्याच्या काठानं फिरत होते. निंगप्पा सहज म्हणाला, “अरे, आपली जुनी यंत्रं काढली. बाकीच्या कंपन्याही काढतायत. नव्यावर तुझं ऑटोकोडर ओढूनताणून चालतं, पण नवं कुणी लिहीत नाही. सगळं कोबोलमध्ये लिहून काढतोय आम्ही. तूही शिकून घे. तुला काय अवघड? आणि पोरांना सांग रे आधी.”

“सांगतो,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, खडू हातात घेतला आणि नेहमीचाच धडा चालू केला. उद्या सांगू, असं मनात म्हणाले. वर्ग नुकता कुठे भरायला लागला होता, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. फळ्यासमोर उभं राहून ‘मला हे येत नाही’ म्हणायचं, या वयात कुणाच्या तरी मागच्या बाकावर जाऊन बसायचं, हे त्यांना नकोसं वाटे. उद्याचा परवा झाला. असेच दिवस गेले.

त्यातच एकदा सोजर वर्ग सुटल्यावर मागे थांबली. मंगळवेढ्याच्या शाळेत गणिताची जागा निघाली होती आणि ती तिला मिळाली होती. हो की नाही ते लगेच कळवायचं होतं. इकडे मुंबईच्या एका कंपनीनं प्रोग्रामरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं.

“आबा म्हणतात, सर सांगतील तसं कर. काय करू सर?”

हीच वेळ होती. निंगप्पाचे शब्द त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आले. समोर ती वही छातीशी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता, की त्यांना तो गमवावासा वाटेना.

“शाळा कुठं पळून चाललीय?” ते म्हणाले. “तू मुंबईला जा. ऑटोकोडर आलं म्हणजे सगळं आलं.”

सोजरनं शाळेला नकार कळवला.

मुंबईला जायच्या आधी कोंडीबा स्वतः वर्गाचा जिना चढून आले. पटका काढून हातात धरला. “गुरुजी, मला तितलं काय कळतंय? कुटं उतरायचं, कुटं जायचं. तुमी संगं चला की.” गुरुसिद्धप्पा नाही म्हणू शकले नाहीत. शिवाय मनात एक वेडी आशा होती, या कंपनीत अजून जुनंच यंत्र असेल तर?

कचेरीच्या व्हरांड्यात ते आणि कोंडीबा बाकावर बसले. सोजर आत गेली, आणि बसलेल्या माणसांना चहा यायच्या आत बाहेर आली. तिच्यामागे एक तरुण अधिकारी होता. त्यानं विचारलं, “यांना शिकवलं कुणी? तुम्ही? डोकं फार छान आहे हो मुलीचं. पण साहेब, ऑटोकोडर आता कोण घेतं? कोबोलचं एक वाक्य येत असतं तरी मी हिला ठेवून घेतलं असतं.” तो आपल्या कामाला निघून गेला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

सोजरनं वडिलांना समजावलं, “त्यांनी मशीनच बदललंय आबा. सरांना तिकडं सोलापुरात कसं कळणार?”

परतीच्या गाडीत कोंडीबांनी फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. पहिली भाकरी त्यांनी गुरुसिद्धप्पांच्या हातात दिली. “खावा गुरुजी. तोंड का पाडलंय? मशिनंच बदलल्यावर तुमी तरी काय करनार?” गुरुसिद्धप्पांनी भाकरी मोडली. खाली बघत चटणीबरोबर ती संपवली. सांगायचं तर आत्ता, कुर्डुवाडी यायच्या आत, असं त्यांनी ठरवलं. कुर्डुवाडी आली. बापलेक पंढरपूरच्या छोट्या गाडीकडे जायला उतरले. खिडकीपाशी येऊन सोजरनं नमस्कार केला, गाडी हलली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर त्यांचं कशातच मन लागेना. वर्गात शिकवताना मध्येच थांबत. बायकोनं, अक्कम्मानं, चार दिवस पाहिलं आणि विचारलं, “काय झालंय? मुंबईहून आल्यापासून ताटातलं ताटात राहतंय.” तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला सांगून काय होणार? ज्यांचं नुकसान झालंय त्यांना सांगा.”

रविवारी ते एस.टी.नं मंगळवेढ्याला गेले. शाळेतली जागा भरून गेली होती, हे त्यांना स्टँडवर चौकशी केल्यावरच कळलं. कोंडीबांच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. सोजर डोक्याला फडकं बांधून काढलेली ताटं गोळा करत होती. सरांना बघून ती लगबगीनं आली. “सर! हितं कसे?” कोंडीबाही हात झटकत आले.

गुरुसिद्धप्पांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. जत्रेत निंगप्पा काय म्हणाला, ते ऐकूनही आपण काय केलं, सगळं.

कोंडीबांना समजायला वेळ लागला. “म्हंजी... तुमाला म्हाईत हुतं?”

“होय.”

“पोरगी इचारायला आली तवा बी?”

“होय.”

“आन् गाडीत माझ्या हातची भाकरी खाल्ली तुमी.”

एवढं बोलून ते पाठ फिरवून ज्वारीत शिरले. त्यांनी आवाज चढवला असता, हात उगारला असता, तर गुरुसिद्धप्पांना बरं वाटलं असतं.

सोजर तिथेच उभी होती. तिचा चेहरा उन्हानं आणि रागानं लाल झाला होता. “मी जाहिरातींचं विचारलं तेव्हा वर्ग माझ्यावर हसला सर. मला वाटलं, माझंच चुकलं.” मग तिनं विचारलं, “वर्गातल्या बाकीच्यांना सांगितलंत?”

“नाही अजून. आधी तुला...”

“ते अजून पैसे आणि वेळ घालतायत. माझं जायचं ते गेलं. आधी त्यांना सांगायचं होतंत की.”

गुरुसिद्धप्पा क्षमा मागायला आले होते. ती आपल्यासाठी मागतोय की तिच्यासाठी, हे त्यांनाच कळेना. दुपारच्या एस.टी.नं ते परतले.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी खडू उचललाच नाही. “तुम्ही जे शिकताय त्याला आता गिऱ्हाईक उरलेलं नाही,” ते म्हणाले. “मला हे जत्रेपासून माहीत होतं. कोबोल मला येत नाही.” एक जण वही मिटून उठला, मग दुसरा. महिनाअखेर जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली. गुरुसिद्धप्पांनी पाटी उतरवली, एका अडत दुकानात लिखापढीचं काम धरलं आणि शनिवार-रविवार पुण्याला जाऊ लागले. तिथे विशी-पंचविशीच्या मुलांच्या मागे बसून ते कोबोल शिकले. शिकवणाराही तिशीच्या आतलाच होता आणि त्यांना ‘काका’ म्हणे. सवयीनं हात आखूडच लिही, आणि तो पोरगा हसून म्हणे, “काका, पूर्ण वाक्य लिहा की.” भाषा काही वाईट नव्हती, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं. तेवढ्यासाठी आपण काय करून बसलो, याचं वाईट मात्र दर शनिवारी नव्यानं वाटे.

सत्त्याहत्तरच्या सुमाराला वर्ग पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू भरलाही.

एकोणऐंशी साली ते नव्या पेठेतल्या एका बँकेत पैसे काढायला गेले होते. टोकन पुकारलं गेलं, ते खिडकीशी गेले, तर जाळीच्या पलीकडे सोजर. बँकेची परीक्षा देऊन लागली होती. गळ्यात मंगळसूत्र, डोळ्यांवर चष्मा. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि स्लिपवरची सही तपासू लागली.

“आबा बरे आहेत?” त्यांनी विचारलं.

“बरे आहेत.” तिनं शिक्का मारला. “आता कोबोल शिकवता असं ऐकलं.”

“हो.”

“अजून तीच चालते?”

“सध्या तीच सगळ्यांत जास्त मागतात. पण बेसिक येतेय, पास्कलचंही नाव ऐकू येतंय. पुढं कुठली राहील, सांगता येत नाही.”

“मुलांना सांगता हे?”

“पहिल्याच दिवशी.”

सोजरनं नोटा मोजून सरकवल्या. ती हसली नाही, रागावलीही नाही. “बरं करता सर,” म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत तिनं पुढचं टोकन पुकारलं.

गुरुसिद्धप्पा बाजूला झाले. जरा वेळ तिथेच खांबाशी उभे राहिले, तिची बोटं नोटांवर भराभर चालताना बघत. मग वर्गाची वेळ झाली म्हणून निघाले.