बोटीतली बॅटरी आणि शिवाप्पाअण्णा

शिवाप्पाअण्णा पुरानं गेला नाही. आपण केलेल्या सत्कारानं गेला.

आज वर्ष झालं. वर्षभर गप्प बसलो. आज नाही बसणार.

कारण चहाच्या गाड्यावर अजून कानावर येतंय, "मिस्त्रीनं चांगलं इंजिन बिघडवलं. ऐन पुरात दगा दिला." मिस्त्री म्हणजे गावची बोट चालवणारा, दुरुस्त करणारा आपला अण्णाच.

ऐका मग.

गावच्या बोटीचं इंजिन जवळपास अण्णाच्याच वयाचं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ यायची, तेव्हा कुठं ते खोकायचं. आतला ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उतरलेला, म्हणून ठिणगी मिळमिळीत.

अण्णा माझ्या उचगावच्या दुकानात आला. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. एका स्टुलावर सुरू केलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक अण्णाच होता.

"मोटारसायकलची कॉईल दे. ठिणगी बॅटरीवर घेतो."

"अण्णा, जुनं इंजिन हाय. सोसंल काय?"

"इंजिनाला सोसतंय. माझ्या खांद्याला न्हाय सोसत. आन् उद्या मी नसलो तर? सुनंनं ओढली तरी चालू झालं पायजे."

ट्रायलला खरंच सुनेनं ओढली. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ काढत.

एका झटक्यात चालू!

अण्णा म्हणाला, "घ्या. आता मला कोण इचारतंय?"

बॅटरीच्या पेटीवर त्यानं ऑईलपेंटनं लिहिलं होतं: बोटीतनं हलवू नये.

कारण बॅटरी संपली की ठिणगी संपली. मग कितीही ओढा, नुसतं लोखंड.

आणि आपण काय केलं?

इंजिन सुधारलं म्हणून त्याचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ. ऐनवेळी लाईट गेली. कुणीतरी पळत जाऊन बोटीतली बॅटरी उचलून आणली आणि माईकला जोडली.

अण्णाच्या सत्काराला अण्णाचीच बॅटरी. आणि त्याला फेटा बांधून समोर बसवलेला!

दीड तास भाषणं. कर्ण्याचा आवाज बसत चाललेला. माझे कान याच धंद्यात तयार झालेत. बॅटरी उतरतेय, हे मला स्टेजवर बसल्या बसल्या कळलं.

कुणाची, ते विचारलं नाही. वाटलं, असेल ट्रॅक्टरची.

उलट त्याच माईकवर मीही दहा मिनिटं बोललो.

अण्णाच्या हुशारीवर.

बॅटरी तशीच नेऊन पेटीत ठेवली. अण्णाला कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मळ्यात पाणी शिरलं. सकाळी अण्णाचा फोन. मागं कुणीतरी दोरी ओढत होतं. नुसती फरफर. ठिणगीच नाही.

"अण्णा, बॅटरी बसलीय."

"नवी हाय की रं! कुणी हात लावला?"

मला कर्णा आठवला. दुकानातली दुसरी बॅटरी उचलली.

"थांब अण्णा, दुसरी घेऊन येतो."

"मळ्यातली म्हातारी पत्र्यावर बसलीया. ती थांबंल. पाणी थांबतंय व्हय?"

बॅटरी घेऊन मी हायवेला अडकलो. पुढं सगळं पाणी.

अण्णानं वल्ही मारत दोन खेपा केल्या. म्हातारीला आणली, तिच्या घरच्यांना आणलं. तिसऱ्या खेपेला निघताना काठावर टेकला.

टेकला तो उठलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, इंजिन. सत्कार कुणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. लाज वाटायला वर्ष लागलं.

आणि आज सकाळी गावातनं फोन.

"भाऊ, सांजच्याला अण्णाची श्रद्धांजली सभा हाय. लाईटीचा भरवसा न्हाय. बोटीतली बॅटरी आणलीया, माईकला तेवढी जोडून देता काय?"

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तसाच गाडी काढून गेलो. बॅटरी परत बोटीत नेली, पेटीत बसवली. बोट आता सूनच चालवते. तिनं माझ्यासमोर दोरी ओढली.

एका झटक्यात.

सभा खुशाल घ्या. माईक नको. ज्याला अण्णाबद्दल बोलायचंय त्यानं घसा ताणून बोलावं, आणि आधी बॅटरीचं बोलावं. सुरुवात मी करतो.

अण्णा, तुझं इंजिन चालू हाय.

चुकलो. हात जोडतो.