सालानं धरलेला रेस ड्रायव्हर

धुळ्यात रेसची गाडी चालवणारा एक माणूस होता असं सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघून हसतात. हसू देत. त्या गाडीला रंग मी द्यायचो, भटू पेंटर, आणि ती चालवणारा चुडामण फागण्याचा. फागणं म्हणजे धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की लागणारं गाव. मला त्या खेळाचा शौक कधीच नव्हता. एवढं पेट्रोल जाळून माणूस फिरून फिरून जिथल्या तिथं येतो, यात बघायचं काय, हे माझं मत आजही तेच आहे. पण चुडामणचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

गाडी उत्तमचंद सेठची. सेठ मूळचे मारवाडचे, आग्रा रोडला त्यांचं मोटारीच्या पार्टचं दुकान आणि मागे शेड. मुलगा निर्मलकुमार मुंबईला शिकायला गेला आणि रेसचं खूळ घेऊन आला. जुन्या फियाटचं इंजिन घालून त्यानं शेडमध्ये एका माणसापुरती गाडी बांधवली. वर टप नाही, चाकं उघडी, बूड जमिनीला घासेल इतकं खाली बसायचं. पहिल्याच दिवशी त्यानं ती बाभळीत घातली आणि घरी जाऊन तापानं पडला. गाडी बांधलीच आहे तर गंजू कशाला द्यायची, असं सेठ म्हणाले. फागण्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवणारा चुडामण दुकानात पार्ट न्यायला यायचा. त्याला बसवून पाहिलं, तर गाडी त्याच्या हाताखाली निमूट चालली.

चुडामणनं एकच अट घातली. आखाजीला घरी या म्हणाला.

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं. अक्षय्य तृतीयेला मालकानं गड्याच्या ओट्यावर येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि वर्षभर राहशील का म्हणून विचारायचं. मालक आला नाही तर गड्यानं ओळखायचं की आपण मोकळे. गड्यानं आपणहून विचारायला जायचं नसतं. चुडामणचा बाप एका वर्षी असा विचारायला गेला होता. मालकानं भर अंगणात सांगितलं की दुसरा गडी धरलाय, तू आता कशाला आलास. चुडामण तेव्हा बापाच्या मागे उभा होता.

सेठ स्कूटरवर गेले, ओट्यावर बसले, विचारलं. पुढे दर आखाजीला जात राहिले. फागण्यातले लोक चुडामणची चेष्टा करायचे. आमचे सालदार औत हाकतात आणि हा बाबा मद्रासला जाऊन मोटार पळवतो म्हणायचे. गाडीत किती सीट बसतात, असंही विचारायचे. एकच, असं त्यानं सांगितलं की त्यांचा गाडीतला रस संपायचा.

मद्रासकडे जुन्या विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या. ट्रकमध्ये गाडी चढवायची, ती हलू नये म्हणून भोवती कापसाची पोती कोंबायची आणि दोन ड्रायव्हर बदलत तिथवर जायचं. चुडामण लहान इंजिनांच्या गटात पळायचा. घोटे भाजायचे, कान बधिर व्हायचे, पाठ धरायची. कधी चौथा, कधी दुसरा, एकदा पहिला आला. तो कप सेठच्या दुकानात देवाच्या फोटोशेजारी बसला. चुडामणनं तो कधी हातात धरून पाहायला मागितला नाही, कुणी दिलाही नाही. मला याचा राग यायचा. त्याला येत नव्हता, की तो दाखवत नव्हता, कोण जाणे.

खरं सांगायचं तर तो सगळ्यात वेगाचा ड्रायव्हर कधीच नव्हता. त्याचा गुण वेगळा होता. गाडीला तो दमवत नसे. नव्वद सालानंतर दिवसभराची लांब शर्यत निघाली. बंद गाडी, दोघांनी आळीपाळीनं चालवायची, आणि तीही भर उन्हाळ्यात. चुडामणचे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते आणि एक कान जवळजवळ गेलाच होता. पण ही शर्यत ऐकून तो पहिल्यांदा काहीतरी मागितल्यासारखं बोलला. "भटूभाऊ, हाई माझी रेस शे," म्हणाला.

सेठनी गाडी घेतली. तिचा तिसरा गियर हट्टी होता. थोडं थांबून, समजावल्यासारखा टाकला तरच पडायचा. चुडामण हिवाळाभर पहाटे ती पारोळ्यापर्यंत नेऊन आणायचा. गाडीला मी निळा रंग दिला आणि दारावर जोडीचा ड्रायव्हर निर्मलकुमार याच्या नावाखाली चुडामणचंही नाव काढलं. ते पाहून तो तिथंच दाराशी बराच वेळ बसून राहिला.

मग आखाजी आली. सेठचे गुडघे धरले होते, दुकान निर्मलकुमारच्या हाती गेलं होतं. निर्मलकुमार वाईट माणूस नव्हता. त्याच्या हिशेबी चुडामण घरचाच होता, घरच्या माणसाला काय विचारायचं. सेठना वाटलं, मुलगा जाऊन आला असेल. इकडे चुडामण धुतलेले कपडे घालून सकाळपासून ओट्यावर बसला होता. पुष्पाबाई, त्याची बायको, दोनदा पुरणपोळी वाढू का म्हणून विचारून गेली. तो रस्त्याकडेच बघत होता. दिवेलागणीला केळीच्या ट्रान्सपोर्टचा मालक हिलाल आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि जळगावहून दिल्लीला केळी नेण्यासाठी वर्षभर राहशील का म्हणून विचारलं.

दोन-तीन दिवस तो शेडमध्ये आला नाही म्हणून मी फागण्याला गेलो. मी त्याच्यावर चिडलो, नको नको ते बोललो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती शर्यत तोंडाशी आली आणि तू घरी बसलास? त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सेठ उना नही," तो म्हणाला. आले नाहीत, एवढंच. "मी हिलालले शबद दी टाका."

निर्मलकुमार येऊन गेला. त्यानं हातसुद्धा जोडले. शब्द काही फिरला नाही. मुंबईहून दुसरा ड्रायव्हर बोलावला. त्याचा तिसऱ्या गियरशी संसार जमला नाही, आणि दुपारच्या आतच गाडी कडेला उभी राहिली. त्या दिवशी चुडामण केळी घेऊन ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी होता. परत आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं की तिसराच गेला ना. मी मान डोलावली. त्याच्यानं चहा संपवला गेला नाही. गाडी पुढे विकली गेली.

पुढच्या आखाजीला सेठनी मला बोलावलं आणि फागण्याला ने म्हणाले. मी त्यांना जीपमधून नेलं. ओट्यावर चढताना त्यांना दोन्ही हात टेकावे लागले. हिलाल सकाळीच येऊन गेला होता, चुडामणचं साल ठरलेलं होतं. पुष्पाबाईनं पाणी दिलं. सेठ प्यायले आणि तांब्या मांडीवर धरून बसले.

"चुडामण, गेल्या आखाजीचं विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले. "राहशील का?"

चुडामणच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं वय झालेलं मला त्या क्षणी दिसलं.

"ऱ्हातू सेठ," तो म्हणाला. राहिलो असतो, एवढंच. "मी सांजलगून आठेच बसेल व्हतू." संध्याकाळपर्यंत तो इथंच, या ओट्यावर बसून होता.

निघताना त्यानं सेठना हात धरून ओट्यावरून उतरवलं, जीपमध्ये बसवलं आणि माझ्या हातातून चावी घेतली. धुळ्यापर्यंत त्यानंच गाडी चालवली. सेठचे गुडघे दुखू नयेत म्हणून खड्डे चुकवत, हळू. मी मागे बसलो होतो. तिसरा गियर कधी पडला ते मला कळलंसुद्धा नाही.