मोकळ्या गाडीचं माप

मी गाडी घेऊन पहिल्यांदा दौंडला गेलो तेव्हा आईनं रंग पाहिला, आत्यानं सीट दाबून पाहिली, गल्लीतल्या पोरांनी हॉर्न वाजवून पाहिला. आबा घरातून आले ते सरळ मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला, “चाकं बारीक हायती.” आणि हात झटकून आत निघून गेले.

आबा म्हणजे माझे वडील. रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून ठरलेला टप्पा रोज पायी चालायचा, रूळ जखडून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकून घट्ट करायच्या, आणि गाडी आली की बाजूला उभं राहून तिला जाऊ द्यायचं. निवृत्त झाले तरी रेल्वे सोडून दुसऱ्या कुठल्या वाहनावर त्यांचा विश्वास बसला नाही. बाजारात, दवाखान्यात, लग्नाला, सगळीकडं पायी. एसटीत बसायचे ते अगदीच इलाज नसला तर. माझ्या गाडीत बसा म्हटलं की म्हणायचे, “बघू.” आबांचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होतं.

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, गाडी बायको आणि मुलीसाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगत होतो, पण माझ्या मनात एकच गोष्ट होती. आबा पुढच्या सीटवर बसलेत, काच खाली केलीय आणि गाडी मी चालवतोय. ज्या माणसानं मला शिकवायला उन्हातान्हात खडी तुडवली, त्याला एकदा तरी बसवून न्यायचं होतं. त्यातच धाकट्या बहिणीचा साखरपुडा शिरूरला ठरला. तयारीला दीड महिना होता. नवरीचा बाप माझ्या गाडीतून उतरला पाहिजे, असं मी ठरवूनच टाकलं. अडचण फक्त चाकांची होती.

गाडी आठशे सीसीची, आधी एका डॉक्टरांनी वापरलेली. चाकं बारा इंची, टायरची रुंदी एकशे पंचेचाळीस मिलिमीटर. आता मिलिमीटर म्हटलं की माझ्या अंगात यायचं. रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो, राहायला शेजारीच कारेगावात. माझ्या सहीशिवाय यंत्रातला साधा बुश कंपनीबाहेर जात नसे. मी काय टायरला घाबरणार?

कारेगावहून दौंडला जाताना वाटेत चौफुल्यावर टायरचं एक दुकान लागायचं. दुकानदाराला सगळे मामा म्हणत. मामांनी चाकाला पायानं एक टोला दिला आणि सांगितलं, एकशे पंचावन्न घ्या, त्याच्या वर जाऊ नका. मी म्हटलं, एकशे पासष्ट. मामा म्हणाले, पत्र्याला घासतील. मी विचारलं, किती मिलिमीटर घासतील? मामांनी डोकं खाजवलं. “त्ये न्हाई सांगता यायचं. पर घासत्याल.”

ज्याला आकडा सांगता येत नाही असा माणूस आमच्या कंपनीत गेटच्या आतसुद्धा आला नसता, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “कॅलेंडरच्या खिळ्यासाठी भिंतीला चार भोकं पाडलीत तुम्ही, तेव्हा कुठं गेले होते मिलिमीटर?”

पुढच्या रविवारी मिलिमीटरचा भागही मोजणारा स्वतःचा व्हर्नियर घेऊन मी चौफुल्यावर हजर झालो. एकशे पासष्टचा एकेक टायर चढवायला लावला, इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरलो, टायर आणि पत्रा यांच्यातली फट मोजली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत मोजली. कुठं अकरा मिलिमीटर, कुठं नऊ. आठाच्या खाली कुठंच नाही. एसटीच्या तिकिटामागं आकडे लिहिले, खाली ‘ओके’ लिहिलं आणि सवयीनं सहीसुद्धा केली. मामांनी ते तिकीट उलटसुलट करून पाहिलं, मला चहा पाजला आणि चारही टायर बसवून दिले.

पुढचा महिना माझ्या दंडांना चांगलाच व्यायाम झाला. पॉवर स्टेअरिंग असली थेरं आमच्या गाडीला माहीत नव्हती. चाळीसमोर गाडी लावताना मी दातओठ खाऊन स्टेअरिंग ओढायचो, आणि शेजाऱ्यांना वाटायचं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. पेट्रोलही जास्त लागायला लागलं. पण कुणी विचारलं की मी म्हणायचो, ग्रिप बघा, ग्रिप. बायको आणि मुलगी साखरपुड्याच्या तयारीसाठी दौंडलाच जाऊन राहिल्या होत्या. त्यामुळं महिनाभर गाडीत मी आणि माझा जेवणाचा डबा, एवढे दोघंच.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी दौंडला पोचलो. आबा परत चाकापाशी बसले. “जाड हायती,” म्हणाले. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. उठून हात झटकत ते म्हणाले, “केडगावपर्यंत मी पॅसेंजरनं येतो. पास हाय. तिथनं बघू.” आत गेल्यावर बायको मला हळूच म्हणाली, या वेळच्या ‘बघू’च्या आधी ‘तिथनं’ आहे. मला रात्री झोप लागेना.

सकाळी गाडी भरली. आमच्याकडं गाडीत कुठं बोटभर जागा दिसली की ती रिकामी चालली असं समजतात. मागं आई, आत्या, बायको आणि साडीतली बहीण. मुलगी कधी हिच्या मांडीवर, कधी तिच्या. आमची आत्या एकटीच दीड सीट घ्यायची. डिकीत अर्धं पोतं कांदे, कारण ज्यांच्या वावरात कांद्याशिवाय काही पिकत नाही अशा पाहुण्यांकडंही रिकाम्या हातानं जायचं नसतं. वर साड्यांचं गाठोडं आणि पेढ्यांचे खोके. पुढची सीट मी आबांसाठी राखून ठेवली होती, म्हणून तिच्यावर फक्त फळांची टोपली.

गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी ओलांडली आणि मागून ‘खर्र’ झालं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा खर्र. आत्या म्हणाली, “गाडी घोरतीय का रं?” मी कॅसेट लावली. पाटसपर्यंत आवाज कॅसेटच्याही वर गेला. मग वास यायला लागला. बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असेल. तिनं दोन्ही बाजूंच्या हिरव्यागार उसाकडं पाहिलं. चौफुल्यावर मामांचं दुकान आलं, तिथून मी मान न वळवता गाडी काढली.

केडगाव स्टेशनबाहेर आबा उभे होते. पांढरा शर्ट, नव्या वहाणा. गाडी दिसायच्या आधीच त्यांना ती ऐकू आली असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा त्यांची मान आमच्याकडंच वळलेली होती. मागच्या चाकापाशी बसून त्यांनी टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं आरशासारखी चकचकीत पट्टी पडली होती. बोटाला लागलेली काळी भुकटी त्यांनी हुंगली. मग वर बघितलं.

“मोकळी मोजली व्हय?”

मी हो म्हणालो. व्हर्नियरनं मोजली, हेही सांगितलं. त्याचा काही उपयोग नाही हे बोलता बोलताच कळलं.

आबा रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की रुळाखालचा लाकडी स्लीपर नुसता बघितला तर चांगलाच दिसतो. त्याच्या खाली पोकळ आहे का, ते वरून गाडी गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून गाडी आली की बाजूला उभं राहायचं आणि चाकाखाली रूळ किती दबतो ते बघायचं. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा मला वाटायचं ते गाडीला मान देण्यासाठी उभे राहतात. जन्मभर ते भरल्या गाडीखालचं माप घेत होते, आणि त्यांचा क्वालिटीतला मुलगा डब्याचं वजन धरून ओकेची सही करत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, आबा, मागं चौफुल्यावर दुकान आहे, बसा. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. मग मी पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत निघालो आणि आबा मागच्या चाकाच्या बाजूनं, कान देऊन, पायी. खर्र झालं की हात वर करायचे, मी आणखी हळू करायचो. सायकलवाले आमच्या पुढं जात होते. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं ‘मयत कुणाची’ म्हणून विचारलं. बहीण डोक्यावरून पदर ओढून बसली. अकराला शिरूरला पोचायचं होतं आणि दहा तिथंच वाजले.

मामांनी आम्हाला पाहिलं, आत जाऊन एकशे पंचावन्नचे चार टायर काढून आणले. टायर बसवून झाले आणि मी सगळ्यांना चला म्हटलं, तर आबांनी मला हातानं थांबवलं.

“आधी माणसं बसवा.”

चौघी परत मागं बसल्या, मुलगी मांडीवर, कांदे डिकीत. आबांनी एकेक चाक दगडावर चढवायला लावलं, म्हणजे त्या चाकावर जास्त भार यावा. आत्याला त्यांनी या बाजूला सरकायला सांगितलं, मग त्या बाजूला. आत्या म्हणाली, मी साखरपुड्याला आलेय का काट्यावर? पण सरकली. आबा एकेका चाकापाशी बसून टायर आणि पत्र्याच्या फटीत दोन बोटं घालून बघत होते. माझा व्हर्नियर गाडीतच होता. मी तो हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

शेवटच्या चाकाशी त्यांची दोन्ही बोटं सहज आत गेली, तरी ते उठेनात. आणखी पुढं-मागं फिरवून बघत राहिले. साडेदहा होऊन गेले होते. मी म्हटलं, “आबा, एक बोट गेलं तरी पुष्कळ झालं. दोन कशाला?”

त्यांनी रुमालाला बोटं पुसली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

“एक खड्ड्याचं,” ते म्हणाले. “दुसरं माझं. मी बसायचा ऱ्हायलोय अजून.”

आत्यानं हात पुढं करून फळांची टोपली मांडीवर घेतली. मी पुढचं दार उघडून धरलं.