फडक्यावर राहिलेले पाणी

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या आगगाडीत बसलो, तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. बरोबर डॉक्टर होते. ते सरकारी आरोग्यखात्यातले, जातीने ब्राह्मण. मी बी.ए., आमच्या महारवाड्यातला पहिला. पुण्यात एका व्याख्यानानंतर मी त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि त्यांनी मला घरी बोलावले, तेव्हापासूनची ही ओळख. आधीच सांगून टाकतो, कारण आमची जोडी पाहून वाटेत सगळ्यांनी तेच विचारले.

निघण्याचे कारण माझी थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या वाटेवर तिचे सासर. तिकडच्या एका माणसाने निरोप आणला की अक्काला नारू झाला (पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने कातडी फोडून बाहेर येणारा, दोऱ्यासारखा लांब जंत), काडीवर गुंडाळताना तो तुटला आणि आता पाय मांडीपर्यंत सुजला आहे. पाय राहतो की जातो, सांगता येत नाही. मी डॉक्टरांकडे गेलो. गावाचे नाव ऐकताच ते म्हणाले, "त्या गावात नारू? शक्य नाही."

गाडी रखडत चालली होती, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता. त्या गावाला पायविहीर आहे. लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात शिरतात. नारूचा फोड आलेला पाय पाण्यात बुडाला की जंताची पिले पाण्यात सुटतात, ती बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि ते किडे माणसाच्या पोटात. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी गावाला भिंगातून ते किडे दाखवले आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या म्हणून सांगितले. यंदा पाटलांचा सांगावा आला होता की गावात कोणी अंथरुणाला खिळलेले नाही.

"उपदेश करू नये, दाखवावे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांनी पाहिले की माणसाचे मन बदलते. आता सगळ्या तालुक्याला हेच शिकवायचे."

"आणि माझी बहीण?"

"गळू असेल."

नारू आणि गळू यांतला फरक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तसे मी त्यांना सांगितले.

बारामतीला पेठेत गुळाचा वास भरलेला. मुक्काम शेतीखात्यातल्या एका अधिकाऱ्याकडे होता; ते डॉक्टरांचे जुने स्नेही. संध्याकाळी त्यांनी आम्हांला कालव्याकडे नेले. एका बाजूला माणूस बुडेल असा ऊस आणि त्याला लागूनच पांढरीफटक जमीन, कोणी पीठ सांडून ठेवल्यासारखी. पाणी जास्त झाले की खालचा खार वर येतो, अधिकारी म्हणाले. बांधावर एक म्हातारा शेतकरी तंबाखू मळत बसला होता.

"तात्या, पाणी कमी द्या म्हणून सांगितलं होतं ना?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"कमीच दिलं की. तुमी दिसला की पान्याची दारं बंद करतो." तात्या तोंडभर हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पाळीचं पानी आपुन न्हाय घेतलं तर शेजाऱ्याच्या उसात जातंय, सायेब. त्यो माजा सख्खा भाऊ हाय. त्याला कसं दिऊ?"

परतताना अधिकारी म्हणाले, "लोक ऐकत नाहीत असे आपण म्हणतो. ऐकतात हो. पण आपल्या सांगण्यातले त्यांच्या घरात बसेल तेवढेच उचलतात. उरलेले कुठे जाऊन पडते, हे पाहायला आपण परत जात नाही."

"मी जातो आहे ना," डॉक्टर म्हणाले.

रात्री जेवणात ज्वारीची भाकरी, पिठले आणि गूळ होता. त्या दोघांना पितळी ताटे आली, मला पत्रावळ. यजमानांच्या ते लक्षातही आले नाही. डॉक्टरांच्या आले. त्यांनी ताट परत पाठवले आणि स्वतःसाठी पत्रावळ मागवली. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. वाटेत एक चाक फुटले. बाभळीच्या सावलीत बसून ड्रायव्हरच्या शिव्या ऐकत बराच वेळ काढला. ऊस केव्हाच मागे पडला होता. इथे नुसती उघडी माळराने, कुसळे आणि वाळलेले ओढे. इंदापूरहून पुढे बैलगाडी. अक्काचा पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि गाडीवान बैलांशी पोटच्या पोरांसारखा गप्पा मारत होता.

गावच्या अलीकडेच विहीर लागली. डॉक्टरांना राहवेना. ते गाडीतून उतरून भराभर पायऱ्या उतरले. खाली बाया घागरीच्या तोंडावर दुहेरी फडके धरून पाणी गाळत होत्या. "वा! वा!" असा डॉक्टरांचा आवाज वर घुमला.

मी पायऱ्या उतरलो नाही. आमच्या लोकांना तिथे मज्जाव. वर कडेला आमच्या बाया रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या. तेवढ्यात पाटलांच्या घरची एक वयस्क काकी भरली घागर घेऊन वर आली. दुसऱ्या हातात पाण्याने भरलेले एक बोळके होते. गाळून झालेले फडके तिने त्यात उलटे करून खळबळले, पिळले, आणि ते बोळके वरूनच आमच्यातल्या एका बाईच्या घागरीत रिकामे केले.

"काकी, ते कसलं पाणी?"

तिने मला खालीवर न्याहाळले. "कुनाचा रं तू? कोट झ्याक हाय."

"माझाच आहे. बी.ए. झालोय."

"झालास तर झालास. जरा पल्याड सर, घागरीवर सावली पडती."

मी सरलो नाही. पुन्हा विचारले.

"आता काय सांगावं ह्याला! डाक्टरसायबांनी दावलं न्हवं, पान्यात जीव हायती म्हून? मग ते मारून पाप कुनी घ्यावं? आन ह्या दिसांत पानी भुईवर फेकावं व्हय? ह्या बिचाऱ्या बसल्यात, त्यांच्या घागरीत घालतो. समद्याच घालत्यात. आदी ह्यांना दुपारपातुर ताटकळावं लागायचं, आता आमीच हाका मारून देतो. तेवढंच पुन्य."

डॉक्टर वर येत होते. शेवटच्या पायरीवर ते भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांनी सगळे ऐकले होते.

महारवाड्यात शिरलो तर दारादारांत माणसे पाय पसरून बसलेली. कोणाच्या घोट्याला चिंधी, कोणाच्या पोटरीवर कडुनिंबाचा पाला, कोणी अर्धा निघालेला जंत काडीवर गुंडाळून बसलेला. डॉक्टर एकेक पाय पाहत चालले होते.

अक्का खोपटात गोधडीवर पडली होती. ताप होता. मला पाहून म्हणाली, "सख्या, कोट घालून आलास? कुनाचं लगीन हाय?"

डॉक्टरांनी तिथेच पाणी उकळायला लावले आणि पाय चिरला. अक्काने पदराचा बोळा दातांत धरला होता. वास असा सुटला की मी बाहेर आलो. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले आणि अक्काच्या सासूला म्हणाले, "मी आत्ताच गावात जाऊन सांगतो, हे पाणी द्यायचे बंद करा."

म्हातारी त्यांच्या वाटेत उभी राहिली. "तसलं काय करू नगा, सायेब. तुमी आला म्हून आमचं पानी वाढलं. बंद झालं तर पुन्यांदा उनात बसायचं का आमी?"

मी डॉक्टरांना विचारले, "गेल्या उन्हाळ्यात भिंग कुठे दाखवलेत?"

"देवळाच्या ओवरीत."

"मग आमच्या लोकांनी ते कुठून पाहायचे होते?"

पेटी उघडून त्यांनी भिंग काढले, घागरीतले पाणी पेल्यात घेतले आणि म्हातारीला जवळ बोलावले. मग एकेक करून सगळ्यांनी पाहिले. डॉक्टरांनी खांद्यावरचे उपरणे फाडले, दुहेरी केले, पाणी कसे गाळायचे ते दाखवले आणि फडके एका बोळक्यात खळबळले. म्हातारीने ते बोळके हातात घेतले, आत पाहिले.

"आन हे आमी कुनाच्या घागरीत घालायचं?"

मागे कोणीतरी हसले. मग कोणीच हसले नाही.

"मातीवर ओता," डॉक्टर हळू म्हणाले.

"पानी? मातीवर?"

तिने ते ओतले नाही. उंबऱ्याशी जपून ठेवले आणि आम्हांला माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिले. डॉक्टर ते वाटी पुसून प्यायले. मग गावात जाऊन ते पाटलांशी फडक्याच्या पाण्याविषयी बोलून आले. पाटलांनी मान डोलावली म्हणाले. ती कशाला डोलावली, हे आम्हां दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. अक्काचा ताप उतरेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो.

परतीच्या छोट्या गाडीत डॉक्टर म्हणाले, "पाय कापावा लागणार नाही. पण गुडघा आता सरळ व्हायचा नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माझे सगळे शास्त्र बरोबर होते हो."

बरोबर होतेच. भिंग खोटे बोलले नाही, फडक्यानेही आपले काम केले. माणसाचे मन बदलते हेही खरे ठरले. गावाने जीवदया शिकली, काटकसर शिकली, दानधर्म शिकला. विद्वानांच्या सहवासात मी पुष्कळ ऐकले आहे आणि शिकल्याचा मला अभिमान आहे. पण गाव सुधारले असे आता कोणी सांगितले, की ते कुठे उभे राहून पाहिले, हे मी आधी विचारतो.

अक्काला त्या विहिरीच्या पायऱ्या जन्मभर बंद होत्या. आता त्या गुडघ्याने तिला कडेपर्यंतही जाता येणार नाही.