आबांच्या जीपचा खालचा होज

काल आपल्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर 'बिनपाण्याचा आबा गेला' असं लिहून पुढे हसरे चेहरे टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय.

पहिली माझ्या.

मी रफिक, मिरकरवाड्याचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शांताराम आबा आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. मी तिथल्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, तोही टेम्पररी. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट.

जीप डिझेल, फोर व्हील, तेव्हाच म्हातारी झालेली.

त्या उन्हाळ्यात ती तापायला लागली. दिवसभर बाजारात फिरवा, काही नाही. हातखंब्याचा चढ लागला की काटा लालमध्ये.

मी रेडिएटर धुतला. आतनं लाल माती निघाली, मी खूश. परत तापली.

बेल्ट ताणला. झाकण नवं बसवलं. थर्मोस्टॅट काढून टाकला, तेव्हा सगळेच काढायचे. हेड गॅस्केट गेलं म्हणावं तर पाण्यात बुडबुडे नाहीत.

परत तापली.

मी म्हटलं, आबा, गाडीचं वय झालं. आबा भडकले. वय झालं हे काय निदान आहे का, म्हणाले. उभी असली की गार राहते, पळायला लागली की तापते. मग पळताना पाण्याचं काय होतं ते बघ ना.

स्वतः सीटवर बसले, मला बॉनेटमध्ये वाकायला लावलं आणि रेस दिली.

रेडिएटरमधून पंपाकडे पाणी जातं तो खालचा होज, म्हणजे रबरी नळी, माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. चोखलेल्या रायवळ आंब्यासारखा. पंप जोरात ओढतोय आणि पाण्याला वाटच नाही.

रेस सोडली, होज परत गोल.

"आत स्प्रिंग नाय काय रे?" आबांनी विचारलं.

नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तो होज मीच बदलला होता. नळी चपटी होऊ नये म्हणून आत असते ती स्प्रिंग गंजलेली निघाली, ती मी भंगारात टाकली. माझ्या अब्बांची जिंदगी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. आमच्या ट्रॉलरचे होज जाडजूड, आत स्प्रिंगबिंग नसायची. म्हटलं, मग जीपला कशाला हवी?

शहाणा ना मी.

आबांनी मला एकच शिवी घातली. मग साहेबाकडे जाऊन सांगितलं की नवा होज येईपर्यंत गाडी चढावर न्यायची नाही. तोंडीच सांगितलं. कागदावर लिहिलं असतं तर माझं नाव आलं असतं.

चारच दिवसांनी साहेबाला पाहुण्यांना दापोलीजवळच्या मुरुडचा समुद्र दाखवायची हौस आली. आबा नाही म्हणाले. साहेब म्हणाला, गाडी सरकारची आहे, तुझी नाही. सरकारच्या गाडीतून मेव्हण्याला समुद्र दाखवायला निघालेला माणूस हे म्हणाला.

दापोलीच्या वाटेवर आबांनी दोनदा गाडी थांबवून गार केली. तिसऱ्यांदा थांबवायला गेले तर साहेब ओरडला, पाहुण्यांसमोर नाटकं नकोत, चल. पुढच्या चढावर इंजिन जाम.

चौकशी बसली.

आता नीट ऐका, हसणाऱ्यांनो. इंजिन बंद असताना होज गोलच असतो. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. रेडिएटर मात्र कोरडा, कारण सगळं पाणी उकळून बाहेर गेलेलं.

साहेबाने लिहिलं, ड्रायव्हर पाणी घालायला विसरला.

मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण माझी पर्मनंटची ऑर्डर त्याच महिन्यात यायची होती.

आबांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"तू गप रव. तुझी नोकरी अजून कच्ची हाय. माझी जाऊन जाऊन कुठं जाईल?"

आणि त्यांनी त्या कागदावर सही केली.

माझी ऑर्डर आली. मी हरामखोराने पेढे वाटले. आबांनीसुद्धा एक खाल्ला.

त्यांना ड्रायव्हरचा शिपाई केला. रिटायर होईपर्यंत त्या माणसाने फायली वाहिल्या, आणि तुम्ही त्याला बिनपाण्याचा आबा म्हणून हाका मारल्यात. साहेब प्रमोशन घेऊन गेला. मी हेड मेकॅनिक झालो. एकदाही तोंड उघडलं नाही. राग येतो तुमचा, पण माझा जास्त येतो.

काल त्यांच्या घरी भेटायला गेलो. आबांचा मुलगा मंदार कुणाला तरी सांगत होता, "मी तीन गाड्या घेतल्या, पण चावी कधी बाबांच्या हातात दिली नाही. तेच म्हणायचे, नको रे, मी पाणी घालायला विसरतो."

म्हणजे पोटच्या पोरालाही खरं सांगितलं नाही. दारात स्वतःच्या मुलाची गाडी, आणि हा माणूस माझ्यापायी इतकी वर्षं बाजूच्या सीटवर बसला.

मी चहा प्यालो आणि गप निघून आलो. काल, या वयात, काहीही गमवायचं नसताना.

मंदार, हे तुझ्यासाठी लिहितोय. त्या दिवशी निघण्याआधी तुझ्या बाबांनी झाकण उघडून पाणी बघितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पाणी काठोकाठ होतं. ते कधीही, काहीही विसरले नव्हते.

तू त्यांना चावी दिली नाहीस यात तुझी चूक नाही. ती माझी आहे. उद्या घरी येतोय, हेच सगळ्यांसमोर सांगायला. हात उगारलास तरी चालेल.

आबा, श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही. रफिकचा सलाम घ्या.